भिंतीवर लावलंय, वाचा

त्या रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक होता, आणि पाऊस असा लागला होता की वर्गाच्या खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. दादरच्या शाळेतला आमचा हा वर्ग आठवडाभर तिसरी ब असतो आणि रविवारी दहा ते एक मोडीची, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीची, बैठक. छत्र्या कोपऱ्यात टेकवलेल्या, त्यांच्याखाली तळं साचलेलं, आणि आठ वर्षांच्या मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पन्नासेक मोठी माणसं. मी दाराजवळच्या टेबलाशी कुणाच्या तरी खरेदीखतातली तारीख सोडवत होते. टेबलाच्या कडेवर दोन ओले हात आले. एका हातात औषधाच्या दुकानातली पातळ पिशवी, तिला वरून रबरबँड. "ताई, मोडी हेमाडपंतांनी आणली ना, लंकेहून?" मी मान वर केली नाही. पेन तेवढं भिंतीकडे केलं आणि म्हटलं, "भिंतीवर लावलंय, वाचा."

तो खरंच वाचायला गेला. मला नंतर लागून राहिलं ते हेच. इतके दिवस तो कागद तिथे होता, कुणी वाचत नाही म्हणून आम्ही चिडायचो, आणि हा माणूस फळांच्या तक्त्याशेजारी उभा राहून एकेका ओळीखाली बोट धरून सगळा कागद वाचत होता. पँटच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. अकराही प्रश्न, अकराही उत्तरं. मी एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि परत माझ्या खरेदीखतात शिरले. एक वाजता बाक सरळ करताना डस्टरखाली ठेवलेल्या कागदांच्या चळतीत सगळ्यात खाली एक झेरॉक्स निघाली, कडेने ओली. आपला नंबर यावा म्हणून लोक कागद असे डस्टरखाली सरकवून ठेवतात, ते बघून त्यानेही ठेवला असणार. शेजारच्या बाकावरच्या काकू म्हणाल्या, "ते टिटवाळ्याचे होते. गाडीचं काही खरं नाही म्हणून लवकर निघाले." नाव, फोन, काही नाही. कागदावरही नाही.

पुढच्या रविवारी तो येईल असं मी धरून चालले होते.

खरं तर त्या भिंतीवरच्या कागदाची कल्पना माझी नव्हती. पण तो लागला तेव्हा सगळ्यात जास्त हायसं मलाच वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. आम्ही सुरुवातीला सहा जण होतो. एका मोडी प्रशिक्षण वर्गात भेटलो, वर्ग संपला, प्रमाणपत्रं मिळाली आणि लक्षात आलं की प्रमाणपत्र मिळालं तरी कागद काही वाचता येत नाही. मुळाक्षरांच्या तक्त्यातली मोडी आणि दीडशे वर्षांपूर्वी कुणा घाईतल्या कारकुनाने बोरूने ओढलेली मोडी यांचं नातं लग्नातल्या फोटोचं आणि घरातल्या माणसाचं असतं तितपतच. आधी पानभर आडवी रेघ मारायची, मग तिला अक्षरं टांगत जायची. शब्द कुठे तुटतो ते लिहिणाऱ्याच्या मनात. विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक ओळ संपल्यावर कळला तर कळला. म्हणून मग दर रविवारी भेटून एक कागद सगळ्यांनी मिळून वाचायचा असं ठरलं. तासाभरात तीन ओळी झाल्या तर आम्ही खूश. साडेअकराला खालच्या टपरीवरचा चहा यायचा, बरोबर वडे. तेलकट बोटांनी कागदाला हात लावला म्हणून एकमेकांना रागवायचं, आणि मग परत त्याच अडलेल्या शब्दावर यायचं.

त्या काळात कुणी नवा माणूस आला की आम्ही त्याला मधल्या बाकावर बसवायचो, वडा द्यायचो. तो मोडीचा जन्म विचारायचा, आम्ही सांगायचो. त्याचा प्रश्न आम्हाला आवडायचा, कारण वर्षातून तीन-चार वेळाच तो ऐकू यायचा.

मग सप्टेंबर २०२३मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, गावोगावची जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं बाहेर निघाली, आणि ती निघाल्यावर लोकांना कळलं की पणजोबाचं नाव समोर आहे पण ते वाचता येत नाही. ज्या लिपीची कुणी वास्तपुस्त करत नव्हतं, तिच्यासाठी माणसं सकाळी नऊपासून शाळेच्या फाटकाशी उभी राहू लागली. आमचे सहाचे साठ झाले. सगळेच काही दाखल्यासाठी येत नव्हते. कुणाच्या भावकीत जमिनीचा वाद, कुणाला आपले पूर्वज महाराजांच्या फौजेत होते हे कागदावर हवं होतं, कुणाला निवृत्तीनंतर डोकं चालतं ठेवायला काहीतरी हवं म्हणून शब्दकोड्याऐवजी मोडी. पण प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच, आणि बहुतेक त्याच क्रमाने. हेमाडपंतांनी आणली का. ही गुप्त लिपी होती का. किती दिवसांत येते. मोबाइलवर फोटो काढला की वाचून देणारं काही नाही का. आणि शेवटी, पिशवीतून कागद काढत, जरा आवाज खाली आणून: जमीन आमची निघते ना?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणं मला कधीच जमलं नाही. एकदा घाटकोपरहून एक कुटुंब आलं होतं, आजी, मुलगा, सून, नातू. चौघांनी मिळून एक काचेची चौकट आणली होती, तिला हळदीकुंकू लागलेलं. चार पिढ्या देव्हाऱ्यात पुजलेला कागद. घरात समजूत अशी की ती कुणा राजाने दिलेली सनद आहे. ती म्हैस विकल्याची पावती होती. वाचायला अगदी सोपी, अक्षर सुरेख, म्हशीच्या शिंगांचं वर्णनसुद्धा होतं. आमच्यातल्या एकाने ते सांगितलं, बऱ्यापैकी मऊपणाने सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे म्हैस होती आमच्याकडे." चौकट परत पिशवीत गेली. ते गेल्यावर चहाच्या वेळी आम्ही जुने सगळे जाम हसलो, आणि सगळ्यात मोठ्याने मी. त्या हसण्याची मला अजून नीट लाज वाटत नाही, थोडीशीच वाटते. म्हशीची पावती देव्हाऱ्यात असणं खरंच विनोदी आहे. आणि आजींनी म्हटलेलं वाक्य मी अजून विसरलेले नाही, हेही खरं.

पण गर्दीने आमचं काही गेलं, आणि ते गेलेलं कुणी मोजत नाही. रत्नागिरीकडच्या एका देवळाचा जमाखर्च आम्ही दोन वर्षं वाचत होतो. तेल इतकं, वाती इतक्या, नारळ इतके, ताशेवाल्याला इतके, शिमग्याला जादा. एका ओळीत एक शब्द अडला होता. त्या शब्दासाठी कुणाला तरी दर सणाला तांदूळ दिला जात होता, पण तो कोण हे लागत नव्हतं. माणूस? बाई? हत्यार पूजणारा? आमच्यात एक मुलगी होती, देवळांच्या सेवेकऱ्यांवर संशोधन करणारी, तिने त्या एका शब्दासाठी कोकणात दोन खेपा केल्या होत्या. आणि आता रविवारी आम्ही तो कागद उघडला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी खांद्यावरून वाकून विचारायचं, "मॅडम, हे 'क' ना?" सात महिने तो जमाखर्च पिशवीतून बाहेर आला नाही. ती मुलगी आधी एक आड एक रविवार येऊ लागली, मग येईनाशी झाली. भांडली नाही, रुसली नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "ताई, तिथे आता वाचन कुठे होतं? खिडकी चालते." खिडकी म्हणजे तिकिटाची. मला राग आला, कारण ते बरोबर होतं.

मग कस्टममधून निवृत्त झालेल्या आमच्या काकांनी तो कागद केला. काका शिस्तीचे. अकरा प्रश्न, नीट टाइप केलेले, खाली उत्तरं, वर ठळक अक्षरात 'प्रथम हे वाचावे', आणि वरून प्लास्टिकचं लॅमिनेशन. आंबा, केळं, सीताफळ या तक्त्याच्या आणि 'आपले मदतनीस' या तक्त्याच्या मधे त्यांनी तो स्वतः स्टुलावर चढून लावला. काकांची तर परीक्षाच घ्यायची तयारी होती: मुळाक्षरं आली तरच बैठकीत बसायचं. ते आम्ही हाणून पाडलं, पण कागदावर सगळे खूश. आणि मग जे व्हायचं तेच झालं. माणसं कागदाकडे पाठ करून उभी राहायची आणि कागदावरचाच पहिला प्रश्न विचारायची. काका चष्मा काढून पुसायचे. "लोकांना वाचायचंच नाही हो," म्हणायचे, "आणि आले आहेत मोडी वाचायला!"

मुंबईत राहून खरं तर आम्हाला याचं नवल वाटायला नको होतं. डोक्यावर इंडिकेटर लखलखत असतो, बाई कर्कश आवाजात तीन भाषांत ओरडून सांगत असते, तरी गाडी लागल्यावर एक पाय फलाटावर आणि एक डब्यात ठेवून माणूस आत विचारतोच, "स्लो ना?" आणि आतून तीन माणसं पेपरातून मान न काढता 'हो' म्हणतात. त्यात कुणाचं काही जात नाही. बोर्ड चुकू शकतो, आत बसलेला माणूस कशाला चुकेल, तो तर स्वतः बसलाय. डिसेंबर २०२३मध्ये दादरच्या फलाटांचे आकडे बदलले ते आठवतंय? पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचा एक एकदम आठ झाला, तीनचा नऊ, चारचा दहा. तीस वर्षं मी त्या पुलावरून डोळे मिटून उतरत आले होते. त्या आठवड्यात पुलाच्या मधोमध उभी राहून मी एका गजरेवाल्या पोराला विचारलं, "अरे, कल्याण फास्ट कुठे लागते आता?" त्याने हातातला गजरा न थांबवता हनुवटी वर केली. "वर लिव्हलंय ना."

वर लिहिलेलं मला दिसत होतं. तरी विचारलं होतं.

आमचे सर असते तर हा कागद लागलाच नसता, असं मला वाटतं. सर म्हणजे ज्यांनी आम्हाला सहा जणांना धरून ठेवलं ते. दफ्तरखान्यात उभी नोकरी झालेली, बोटांना कायम जुन्या कागदाचा तो धुरकट, किंचित मिरचीसारखा वास. आता गुडघ्यांमुळे येत नाहीत. हेमाडपंतांचा प्रश्न त्यांना आयुष्यात किती वेळा विचारला गेला असेल देव जाणे, पण मी त्यांचं उत्तर दोनदा एकसारखं ऐकलं नाही. कधी म्हणायचे, "मी तेव्हा तिथे नव्हतो." कधी यादवांच्या दरबारातल्या हेमाद्री पंडितापासून, म्हणजे याच हेमाडपंतांपासून, सुरुवात करून तेराव्या शतकात अर्धा तास हिंडवून आणायचे. कधी म्हणायचे, "बाजरीसुद्धा त्यांनीच आणली म्हणतात, देवळंही त्यांनीच बांधली म्हणतात. एवढ्या कामाच्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक लिपी ठेवली तर त्याला जड नाही." मग हसून सांगायचे की लिपी अशी गोणीत भरून कुणी आणत नसतं, लंकेहून आणल्याला पुरावा नाही, भराभर लिहिताना हात न उचलण्याच्या सवयीतून ती वळत आली. विचारणाऱ्याला वाटायचं, हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपणच विचारला.

सरांची एक चाल होती. नवा माणूस प्रश्न घेऊन आला की ते वर्गात नजर फिरवून सगळ्यात अलीकडे आलेल्या माणसाला हाक मारायचे. "तुम्ही मागच्या महिन्यात हेच विचारलंत ना? मग सांगा यांना." तो बिचारा लाजत, अडखळत सांगायचा, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच पक्कं व्हायचं. शिवाय कुठे अडतं ते त्याला ताजं आठवत असायचं. आम्ही ते कधीच विसरलो होतो. मागच्या वर्षी आम्ही ही चाल पुन्हा सुरू करून पाहिली. ती काही सगळी गोड नाही, हेही सांगते. तीन आठवडे झालेल्या एका उत्साही गृहस्थांनी नव्या माणसाला तारीख काढायला शिकवली. जुन्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन, जानेवारीपासून मृगापर्यंतची तारीख असेल तर ६००. त्यांनी शिकवले ५९०. ते फसली सनाचे, ती कालगणनाच वेगळी. त्यामुळे कुणाचे तरी खापरपणजोबा एका दुपारीत नऊ वर्षांनी म्हातारे झाले आणि भाऊबंदकीच्या दाव्यात म्हणे वकिलाकडे तोच आकडा पोचला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. मीही नाही.

सुहूर सनावरून आठवलं. त्याला मृगसाल म्हणतात. सूर्य मृगात गेला, म्हणजे जूनच्या सातव्या दिवसाच्या आसपास, की साल बदलायचं. वर्षं लिहायची ती आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत, आणि उलटी, एककापासून: इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अकराशे एकसष्ट. त्यात सहाशे मिळवले की १७६१चा जानेवारी, पानिपत. मी शिकायला लागले तेव्हा या शब्दांनी मला रडवलं होतं. इसन्ने, सलास, अर्बा, खमस… घरी भाजी निवडताना पुटपुटायचे, मुलगा विचारायचा, आई, नमाज पढतेस का? आणि सरांना मी 'सलास' म्हणजे तीन की चार हे किती वेळा विचारलं असेल! चौदा वेळा तरी. एकदाही त्यांनी 'मागे सांगितलंय' म्हटलं नाही. एकदा मीच म्हटलं, "सर, हे मी आधी विचारलं होतं बहुतेक." तर म्हणाले, "हो का? मला कुठे आठवतंय." त्यांना पेशवाईतल्या कारकुनांची हस्ताक्षरं ओळखू यायची. त्यांना आठवत नव्हतं यावर मी तेव्हा विश्वास ठेवला.

नवी माणसंही आमच्याकडे मृगातच जास्त येतात. शाळा उघडते, वर्ग मिळतो, आणि मे महिन्यात गावी जाऊन आलेल्यांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून कागद आणलेले असतात. पहिल्या पावसात वर्गात त्या कागदांचा वास उठतो, त्यात ओल्या कपड्यांचा, खडूचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या फणसाच्या गऱ्यांचा.

झेरॉक्स मी घरी नेली होती, वाळावी म्हणून. दोन महिने ती वर्तमानपत्राच्या घडीत पडून होती. तो येईल, त्याच्यासमोरच वाचू, असं स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं असणार. गणपतीत घर आवरताना ती हाताला आली आणि ओट्याशी उभ्या उभ्याच मी वाचायला लागले. पत्र होतं. जमिनीचा कागद नव्हता, दाखल्याला उपयोगी पडेल असं काही त्यात नव्हतं. जुनी पत्रं ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे, अर्धं पान काही सांगतच नाही. राजमान्य राजश्री, मग आशीर्वाद किंवा नमस्कार, मग विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जाणे. प्रत्येक पत्रात तेच. बाप मेल्याचं कळवायचं असलं तरी आधी येथील कुशल. शिकाऊ माणूस याच ओळींच्या आधाराने उभा राहतो. पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळे अक्षरं ओळखू येतात, आणि तिथून हाताची वळणं कळतात. माझी अर्धी मोडी त्या मायन्यांनी शिकवली आहे. जुने झालो की मात्र आम्ही ते वाचत नाही. डोळा सरळ खाली घसरतो आणि एका शब्दावर थांबतो: 'विशेष'. तिथून खरा मजकूर.

'विशेष'वर बोट ठेवलं आणि तिथेच थांबले. कुकरची शिटी झाली ती ऐकली, गॅस बंद करायला हात गेला नाही. दोन ओले हात, रबरबँडची पिशवी, हेमाडपंतांनी आणली ना. माणूस दोन गाड्या बदलून, मेगाब्लॉकमध्ये ताटकळत, पन्नास अनोळखी माणसांच्या वर्गात शिरतो, तेव्हा त्याने बोलायला सुरुवात तरी कुठून करायची? कुणाकडून तरी ऐकलेलं एक नाव त्याच्यापाशी होतं, ते त्याने टेबलावर ठेवलं. येथील कुशल. त्याचं 'विशेष' पिशवीत होतं आणि मी त्याला मायन्यातच भिंतीकडे पाठवलं.

पत्रातलं 'विशेष' असं. लिहिणारा गावाकडचा, ज्याला लिहिलंय तो मुंबईत, बहुधा गिरणीत. गल्लीचं नाव पुसट आहे पण 'परळ' स्पष्ट आहे. मागे दोन पत्रं टाकली, उत्तर नाही, म्हणून तेच पुन्हा लिहितो आहे, असा मजकूर. मग तेच: घराच्या मागच्या पडवीची भिंत बसली आहे, बैल विकू की ठेवू ते कळव, आणि शेवटी एका बाईचं नाव, आणि तिच्यापुढे एक शब्द. 'बरी आहे' असू शकतो. घडीवर टोनर उडालाय. दुसरं काही असू शकतं. मी भिंग लावलं, खिडकीशी नेलं, मोबाइलने फोटो काढून मोठा केला. मूळ कागद पाहिल्याशिवाय ते लागणार नाही, आणि मूळ कागद टिटवाळ्यात आहे.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेने वर्गाला रंग काढला. तक्ते उतरवले होते ते शिपायाने परत लावले, आंबा केळी सीताफळ, आपले मदतनीस. आमचा कागद त्याने टेबलाच्या खणात ठेवला आणि तो अजून तिथेच आहे. काकांनी दोनदा आठवण केली, मी दोनदा 'लावू' म्हटलं. आता दारातल्या टेबलावर पहिला तासभर आळीपाळीने कुणीतरी बसतं, नव्यांसाठी. अकरानंतर दार लोटून घेतो आणि देवळाचा जमाखर्च उघडतो. तेव्हा खांद्यावरून कुणी वाकलं तर काका त्याला बाहेर काढतात, आणि मी आडवी येत नाही. त्या मुलीला मी तसं कळवलंय. "बघते" म्हणाली आहे. तांदूळ कुणाला देत होते ते अजून लागलेलं नाही.

गेल्या रविवारी टेबलावर मी होते. वसईहून एक मुलगा आला, विशीतला, हेल्मेट काखेत. "मॅम, ही मोडी ते हेमाडपंत…"

"बस आधी," म्हटलं. "किती वाजता निघालास?"

तो बसला. खुर्ची लहान मुलाची, गुडघे हनुवटीशी आले. हेल्मेट कुठे ठेवावं कळेना म्हणून मांडीवरच धरलं. नऊला निघालो म्हणाला, हायवेला पाणी होतं. हेमाडपंत तिथेच राहिले. टपरीवरचा पोरगा चहा घेऊन आला, त्याने एक ग्लास त्याच्यापुढेही ठेवला. दोन घोट झाल्यावर त्याने बॅगेची चेन उघडली आणि आतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीला रबरबँड होता. मी उगाचच एकदा त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं.